ठकूबाईच्या दारातली हरळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांना विचारलं होतं, तर तेही 'फार' एवढंच म्हणाले आणि चिलीम ओढायला लागले. तेव्हा आपणही 'फार' म्हणू आणि पुढे जाऊ.

घाटाच्या पायथ्याला करवंदणी नावाचं आमचं गाव आहे. चार आळ्या, एक ओढा, एक चावडी, आणि गावाबाहेर कळकाचं बेट. कळक म्हणजे बांबू. या बेटातला कळक तिरडीखेरीज दुसऱ्या कशासाठी कापायचा नाही, अशी तेव्हा गावाची रीत होती. टोपल्या-सुपांचा बांबू शेजारच्या गावाहून आणला तरी चालायचा, पण मरणाचा बांबू घरचाच लागायचा. माणसं कशाचा अभिमान धरतील, सांगता येत नाही. ही गोष्ट घडायच्या आधी त्या बेटात नुसते बुडखे दिसायचे, असं म्हणतात. कळक तिरडीपुरता वाढला की कापला जायचा. त्याला अंग धरायला सवडच मिळत नव्हती.

ठकूबाई ही गावची वैद्यीण. चावडीला लागून देशमुखांनी बांधून दिलेलं एक दगडी घर होतं. जो गावाला औषध देईल त्यानं त्या घरात राहावं, असा नेम होता. आधी तिथं ठकूबाईची सासू राहिली, मग ठकूबाई. नवरा ऐन तारुण्यात गेलेला, पोरबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. त्या घराखेरीज तिच्या डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं. पण हाताला गुण असा, की अर्धा मेलेला माणूस काढ्याच्या वासानं उठून बसायचा आणि 'लई कडू हाय का?' म्हणून विचारायचा, असं म्हणतात.

दिवस उजाडला की तिच्या दारात रांग लागायची. खोकणारे, कण्हणारे, पाठीवर आणलेले, बाजेवर आणलेले. त्या पायांनी अंगण इतकं तुडवलं जायचं, की उंबऱ्यापुढची जमीन फरशीसारखी टणक झाली होती. गाव त्याचीही फुशारकी मारायचं. "आमच्या वैद्यिणीच्या दारात गवताची काडी उगवत न्हाई!" असं बाजारात छाती काढून सांगायचं. ऐकणाऱ्यांनाही ते खरंच मोठं वाटायचं, कारण त्यांच्याही गावात तीच तऱ्हा होती.

त्या गावात गेनू कुंभार होता. त्याची बायको कौसा, हसरी, धडधाकट. तिला एकदा हगवण लागली. ठकूबाईनं बरी केली. महिन्याभरानं पुन्हा लागली, पुन्हा बरी केली. तिसऱ्यांदा तर ती हातातून गेलीच होती, तरी ठकूबाईनं तीन दिवस उशाशी बसून तिला ओढून आणली. गावानं ठकूबाईची ओटी भरली, गेनूनं पाय धरले. आणि चौथ्यांदा कौसा उठली नाही. गेनूनं स्वतःच्या हातानं बेटातले कळक कापले.

आठ दिवस गेले, आणि गेनू पुन्हा दारात उभा. खांद्यावर त्याची चार वर्षांची पोर, चिंगी. तीच हगवण, तेच खोल गेलेले डोळे. ठकूबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, औषध दिलं, घोटघोट पेज पाजली. चौथ्या दिवशी पोर हसली. गेनू तिला घेऊन घरी जायला निघाला, तशी ठकूबाई उंबऱ्यावर येऊन आडवी उभी राहिली.

"थांब गेनू. हिला नेतोस कुठं?"

"कुठं म्हंजे? घरला."

"तीनदा मी कौसाला बरी केली आणि तीनदा तिथंच माघारी धाडली. कुठं धाडली, ते मी कधी बघितलंच नाही रे."

एवढं बोलून ती रडली. मग पदरानं डोळे पुसताना तिची नजर खाली गेली, तर उंबऱ्यावर गेनूच्या पावलांचा चिखल होता. काळा, चिकट. तिनं रांगेकडे बघितलं. पोट धरून बसलेले जेवढे होते तेवढ्यांच्या पायाला तोच काळा चिखल. वरच्या आळीची माणसं तांबड्या मातीच्या पायांनी आली होती, पण ती कुणी ठेच लागली म्हणून, कुणी दाढ दुखते म्हणून. सासूनं तिला जिभा बघायला शिकवलं होतं, नाडी बघायला शिकवलं होतं. पाय बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

ठकूबाई उंबरा उतरली आणि त्या काळ्या पावलांवरून उलटी चालत निघाली. रोगी जिथून आले तिकडं. असं म्हणतात, की ती खरोखरच पाठमोरी चालली, एकेका पावलात आपली टाच ठेवत, आणि एकदाही अडखळली नाही. गावातली पोरं हसत मागे लागली. पावलं चावडीवरून गेली, पारावरून गेली, कुंभारआळीत शिरली आणि गेनूच्याच मातीच्या खाणीपाशी थांबली. गेनूच्या बापजाद्यांनी मडक्यांसाठी काळी माती काढून काढून तिथं मोठा खड्डा केला होता. त्यात पाणी साचायचं. म्हशी त्यात डुंबायच्या, आणि झरा लांब पडतो म्हणून खालच्या आळीच्या बाया त्याच पाण्यात घागरी बुडवायच्या. कौसाही तिथूनच भरायची. घराच्या दारातच होतं ना ते.

गेनू खड्ड्याच्या काठावर बसला. "म्हंजे माझ्याच मातीनं न्हेली व्हय तिला?" म्हणाला.

"मातीचा काय दोष? आणि तुझा तरी काय? मी तीन दिवस तिच्या उशाशी होते आणि मलाही दिसलं नाही. ऊठ. खोरं आण."

दोघांनी मिळून खड्ड्यात मातीची पहिली पाटी टाकली. दुसऱ्या दिवशी चारजण आले, तिसऱ्या दिवशी चाळीस. खड्डा बुजला, त्यावर भोपळ्याचा वेल चढला. गेनूनं दुसरीकडं माती शोधली आणि नवीनच मडकं घडवलं. निमुळत्या तोंडाचं, वर घट्ट झाकण, सोबत लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे पाण्यात कुणाचा हात म्हणून बुडायला नको. गावातल्या प्रत्येक घरात त्यानं असं एकेक मडकं नेऊन ठेवलं. कौसाच्या नावानं ठेवलं.

आणि ठकूबाई? ती घरी सापडेनाशी झाली! सकाळी आज या आळीत, उद्या त्या. कुणाच्या बाजेखाली वाकून बघ, कुणाच्या मडक्यात नाक घाल, कुणाच्या पोराचा हात ओढून नखं बघ. गरोदर बाईच्या ताटात काय पडलं, ते ती सासूसमोर विचारायची. पाटलाच्या अंधाऱ्या माजघराला खिडकी पाडायची म्हणून तिनं तीन दिवस पाटलाच्या ओट्यावर ठाण मांडलं. लोक वैतागले. "रोगी वैद्याकडं जातो हे ठावं हाय, वैद्यच माणसामागं लागलेला आमी बघितला न्हाई," असं पाटीलच म्हणाले. पण खिडकी पाडली. नंतर त्याच खिडकीशी बसून ते सुपारी कातरायचे आणि ही कल्पना मूळची आपलीच, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

एकटीनं चार आळ्या कशा पुरणार? तेव्हा ठकूबाईनं प्रत्येक आळीतून एकेक बाई हाताशी धरली. आता कुणाला धरावं? शहाणीला? सोज्वळ असेल तिला? छे! तिनं निवडून निवडून गावातल्या चार चोंबड्या धरल्या. ज्यांना कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, कोण पहाटे खोकतं, कुणाची सून जेवत नाही, हे सगळं न विचारता कळायचं. त्यांची म्होरकी खालच्या आळीची वंचाबाई. आयुष्यभर जिला लोकांनी 'गप बस' म्हटलं, तिला ठकूबाई म्हणाली, "बोल बाई, बोल. सगळं बोल. फक्त आधी माझ्यापाशी बोल." वंचाबाईला स्वर्ग दोन बोटं उरला. कुणाला ताप येणार हे वंचाबाईला ताप यायच्या आदल्या दिवशी कळायचं, असं म्हणतात.

याच सुमाराला एकदा खुद्द हिवताप गावात आला. अंगावर सात घोंगड्या, दात वाजतायत. तो आधी गेला मातीच्या खाणीवर, तर तिथं भोपळे. पाटलाच्या मोरीवर गेला, तर तिथं केळी लावलेल्या आणि पाणी सगळं केळीच्या बुडात जिरलेलं. अंधारं माजघर शोधलं, तर खिडकीतून ऊन आलेलं. दमून तो पारावर बसला आणि समोरून येणाऱ्या बाईला म्हणाला, "बाई, गावात चार दिवस राहायला जागा मिळंल का?" ती निघाली वंचाबाई. तिनं विचारलं, कुठला तू? कुणाचा? लगीन झालंय का? घोंगड्या सातच का? आठवी कुणाला दिली? हिवतापानं तीन प्रश्नांची उत्तरं दिली, चौथ्याला घाम फुटला आणि घोंगड्या तिथंच टाकून तो घाट चढून पळाला. त्या घोंगड्या वंचाबाईनं चांगल्या उकळून घेतल्या आणि वापरल्या, असं म्हणतात.

होता होता ठकूबाईच्या दारातली रांग आखूड झाली. मग तुटक झाली. आणि एका सकाळी ठकूबाई दारात आली, तर उंबऱ्याशी दोन हिरव्या काड्या. हरळी! ठकूबाई उकिडवी बसून त्या काड्यांकडे बघत राहिली आणि एकटीच हसली. मग तिनं गावाला बजावलं. "माझ्या पुढल्या दारी पाय ठेवायचा तो आजाऱ्यानं. धडधाकट असाल, गप्पा मारायला येत असाल, तर मागल्या दारानं या. ही हरळी किती वाढते ते मला बघायचंय." तेव्हापासून पाटील असो की कोतवाल, बरं माणूस घराला वळसा घालून मागनंच यायला लागलं.

सात वर्षांत हरळी उंबऱ्यापासून चावडीपर्यंत पसरली. आता दारात गवत उगवलं म्हणजे जगात सगळीकडे काय समजतात? घर बसलं! ही बातमी उडत उडत देशमुखांच्या कानावर गेली. करवंदणीची वैद्यीण दिवसभर बायकांत चकाट्या पिटते, तिच्या दारात गुडघाभर गवत माजलंय, असं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं. देशमुखांचा निरोप आला. आठवड्यानं दिवाणजी पाहणीला येतील. वैद्यकीचं घर ओस दिसलं, तर बाईला बाहेर काढतील आणि दुसरा वैद्य बसवतील.

"येऊ देत की," ठकूबाई म्हणाली. "मी काय चोरी केली?" आणि ती डोंगरावरच्या धनगरवाड्यात एका बाळंतिणीकडं निघून गेली.

गाव मात्र हादरलं. पाटलांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. ठकूबाई गेली तर राहणार कुठं, आणि तिच्यावाचून आपण राहणार कसे? तेव्हा गेनू उठला. "दिवाणजीस्नी रोगीच बघायचं हायती न्हवं? मग आपुन समदे आजारी पडू!"

प्रेमानं माणूस आंधळा होतो म्हणतात, इथं अख्खं गाव झालं. वंचाबाईनं आळीआळीत शिकवण्या लावल्या. तुला खोकला, तुला कंबर, तुला भोवळ. पण सात वर्षांत लोक कण्हायचं विसरले होते. सुतारआळीचा एक गडी कण्हायला लागला की गाणं म्हटल्यासारखं वाटायचं. पाटलांनी पोटातली कळ मागून घेतली, कारण ती बसून करता येते.

दिवाणजींचा मेणा आला, तेव्हा ठकूबाईच्या पुढल्या दारापासून ओढ्यापर्यंत रांग लागली होती. फडकी बांधलेली, काठ्या टेकलेली, कण्हणारी, विव्हळणारी. दोनशे माणसं हरळीवर उभी होती आणि अधूनमधून लोळतही होती. दिवाणजी हरखून गेले. "वाहवा! इतके रोगी! बाई मोठी करामती दिसते. आणि लोक म्हणतात गवत माजलंय. गवत आहे कुठं?"

गवत खरंच कुठं नव्हतं. तेवढ्यात डोंगर उतरून ठकूबाई आली. तिनं रांग बघितली. धावत येऊन तिनं एकेकाचं कपाळ चाचपलं. कपाळं गार! मग तिनं खाली बघितलं. हरळीचा चिखल झाला होता. ती तिथंच बसली.

"गेनू, काय होतंय तुला?"

"खोकला हाय, आक्का."

"कधीपासनं?"

गेनूनं वंचाबाईकडं बघितलं. हे शिकवलेलं नव्हतं. "मेणा दिसल्यापासनं," तो म्हणाला.

आता ठकूबाई गप्प बसली असती, तर घर राहिलं असतं, मानही मिळाला असता. नुसतं मान खाली घालून उभं राहायचं होतं. पण ती उठली आणि मेण्यासमोर गेली. "दिवाणजी, यातलं एकही माणूस आजारी नाही. ही सगळी ठणठणीत आहेत. माझ्या सात वर्षांचं काम या दारात उगवलं होतं, ते ह्यांनी एका सकाळी तुडवलं. माझ्यासाठी तुडवलं, म्हणून मला रागावताही येत नाही."

दिवाणजींच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे माझी थट्टा मांडलीत? आणि रोगी नाहीत, तर बाई, तू करतेस काय? झालेला आजार बरा केलेला दाखवता येतो. न झालेला आजार मी देशमुखांना दाखवू कसा?"

ठकूबाईनं दाराकडं, छपराकडं एकदा बघून घेतलं आणि आत जाऊन आपलं गाठोडं बांधायला घेतलं.

तेव्हा गेनूनं कपाळाचं फडकं सोडलं. "दिवाणजी, मी दावतो. माझ्या मागनं या," म्हणाला आणि त्यांना गावाबाहेर घेऊन गेला, कळकाच्या बेटाकडं. कौसासाठी कळक कापल्यापासून त्यानं तिकडं पाऊल टाकलं नव्हतं.

आणि काय ते बेट! भर दुपारी आत अंधार. कळक इतके दाट की मुंगी वाकडी होऊन जायची, इतके उंच की जाणारे ढग त्यात अडकायचे आणि गावाला वळसा घालून जायचे, असं म्हणतात. गेनू म्हणाला, "ह्यो तिरडीचा कळक. दुसऱ्या कशाला कापीत न्हाईत. सात वर्सांत दोन डाव कापला, त्यो बी नव्वदीच्या म्हाताऱ्यास्नी. त्याआधी हितं निसतं बुडखं हुतं. त्यातलं दोन मी तोडल्यालं. मग आक्कानं रोग्यांच्या पायावरला चिखल वाचला, खड्डा बुजवला, तवापासनं ह्यो वाढतोय."

मागून काठ्या टेकत गावातले म्हातारे आले. त्यांनी आपापले कळक आधीच ठरवून ठेवले होते. एकानं आपल्या कळकावर थाप मारली. "ह्यो माझा. अजून कवळा हाय, वाढू दे!" सगळे म्हातारे बोळक्या तोंडांनी हसले.

दिवाणजी हसले नाहीत. वाटेतल्या गावी त्यांनी सकाळीच एक बेट पाहिलं होतं, तेही तिरडीचंच, पण नुसत्या बुडख्यांचं. त्या गावच्या वैद्याच्या दारातली मोठी रांगही पाहिली होती आणि त्याला शालजोडी देऊन आले होते. ते मान वर करून कळकांचे शेंडे शोधत राहिले. मग माघारी आले. मेणा ठकूबाईच्या पुढल्या दारी ठेवलेला होता, पण ते तिकडं गेले नाहीत. त्यांनी जोडे हातात घेतले, घराला वळसा घातला, आणि देशमुखांचे दिवाणजी मागल्या दारानं, वाकून, आत गेले.

आत ठकूबाई गाठोड्याला गाठ मारत होती. दिवाणजी म्हणाले, "बाई, सोडा ते. आणि पायांवरचा चिखल कसा वाचायचा, तेवढं मला शिकवा. आमच्या मुलखात अजून चाळीस गावं आहेत."

हरळी पुन्हा आली. हरळीच ती, तिला मारून मरण नाही. पण पुढं एक वेगळंच झालं. हरळीचा गावाला इतका अभिमान वाटायला लागला, की गेनूच्या चिंगीला, लग्न होऊन पोटुशी असताना ताप आला, तर तिनं तो दोन दिवस लपवला. आपल्या पायानं गवत मोडायला नको म्हणून! वंचाबाईनं ओळखलं आणि ठकूबाईला सांगितलं. ठकूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती गेली, चिंगीच्या दंडाला धरून तिला पुढल्या दारी आणली आणि हरळीच्या मधोमध उभी केली.

"तुडव," ती म्हणाली. "चांगली तुडव. तुझ्यासाठीच आहे ती. गवत पुन्हा उगवतं बाई. तुझी आई उगवली का?"

चिंगी रडत रडत हरळीवरून चालत आत गेली. ती बरी झाली, तिला मुलगी झाली. त्या मुलीसाठी गेनूनं बेटातला एक कळक कापला आणि पाळणा केला. तिरडीखेरीज कापलेला तो पहिला कळक. पाटलांनी रीत मोडली म्हणून तोंडदेखला दंड सांगितला, आणि पाळण्याला पहिला झोका त्यांनीच दिला.

ठकूबाई शंभर वर्षं जगली, कुणी म्हणतं एकशे सात. जाताना तिनं एवढंच सांगितलं, की मला मागल्या दारानं न्या, माझं आता काही दुखत नाही. गावानं तसंच केलं.

ते घर अजून आहे. आता तिथं सरकारी उपकेंद्र झालंय, फळ्यावर लशींचे दिवस लिहिलेले असतात. मृग लागायच्या आधीच्या रविवारी ठकूबाईची फेरी निघते. पुढं चार आळ्यांच्या चार चोंबड्या, आणि हा मान मिळवायला आमच्याकडं भांडणं होतात. त्यांच्यामागं अख्खं गाव पाठमोरं चालतं, पडतं, हसतं. दरेक घरच्या मडक्याचं झाकण उघडून बघतात, साचलेलं पाणी दिसेल तिथं आधी पाटीभर माती पडते आणि मगच फेरी पुढं सरकते. शेवटी मागल्या दारी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं सगळ्यांना ताक वाढतात. त्या वर्षी गावात जन्मलेल्या बाळांना कळकाच्या पाळण्यांतून आणून हरळी दाखवतात.

तुम्ही कधी आमच्या गावी आलात, तर मागल्या दारानं या, ताक प्या, बसा. पण अंगात कणकण असेल, पोटात दुखत असेल, तर लाजू नका. सरळ पुढल्या दारानं या, हरळी तुडवत या. आम्ही कुणी काही म्हणणार नाही.